भार कुणाच्या खांद्यावर?

डिचोली तालुक्यातून आलेले एक पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्रलेखकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले असून त्यांचे म्हणणे थोडक्यात देत आहे.

“माझे वय 47. वडील खाणीवर रोजंदारीने काम करीत. चोविसाव्या वर्षी मी कर्ज काढून पहिला ट्रक घेतला आणि पुढे तीन ट्रकांचा मालक झालो. मी कधी कुणापुढे हात पसरला नाही, देवापुढेही नाही. जे केले ते स्वतःच्या हिमतीवर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा दोन ट्रक विकले, 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा उरलेला ट्रक दोन पावसाळे अंगणात उभा राहून गंजला. मग घर तारण ठेवून हॉटेलच्या धंद्यात पडलो. भागीदार मध्येच निघून गेला. आज आठ हप्ते थकले आहेत आणि पत्नीला त्यातले तीनच ठाऊक आहेत. मुलगी बारावीत आहे. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मी बाहेर पायरीवर येऊन बसतो. आई रोज सांगते, ‘पुता, देवाचेर सोड.’ मला ते ऐकून राग येतो. सुखात कधी देवळाची पायरी चढलो नाही आणि आता अडचणीत देवाकडे जायचे, ही लाचारी नाही का? आणि देवावर सोडायचे म्हणजे हातपाय गाळून बसायचे, असेच ना? पण खरे सांगायचे तर माझा आता स्वतःवरही विश्वास उरलेला नाही.”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. आधीची सगळी हकीकत कर्जाची आहे. ते शेवटचे वाक्य मात्र वेगळे आहे. ज्याने आयुष्यभर एकाच खांबावर घर उभे केले, त्याला तो खांब हलताना दिसतो आहे, आणि दुसरा आधार शोधणे त्याला कमीपणाचे वाटते आहे. म्हणून हप्त्यांबद्दल नंतर बोलू. आधी त्या खांबाबद्दल बोलू या.

तुमच्या हिमतीला मी नावे ठेवणार नाही. रोजंदारीवरच्या मजुराचा मुलगा चोविसाव्या वर्षी ट्रकचे कर्ज अंगावर घेतो आणि ते फेडतो, याला छाती लागते. पण त्या वर्षांचा हिशेब आज थोडा नीट मांडून पाहा. गोव्याचे लोहखनिज कमी प्रतीचे. बरीच वर्षे त्याला मोठा भाव नव्हता. मग चीनमधल्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली, आणि डिचोलीपासून साखळीपर्यंत, सांग्यापासून कुडचड्यापर्यंत घरोघरी ट्रक उभे राहिले. खाणीवरून ट्रक, ट्रकवरून बार्ज, मांडवी-जुवारीतून बंदर आणि बंदरातून जहाज, अशी ती साखळी होती आणि तुमचा ट्रक तिच्यातली एक कडी होता. गाडी तुम्ही मेहनतीने चालवलीत यात शंका नाही, पण ज्या रस्त्यावर ती चालली तो रस्ता तुम्ही बांधलेला नव्हता. मग 2012 च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत ती उठली आणि 2018 च्या फेब्रुवारीत 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प झाले. यातली एक तरी गोष्ट तुमच्या हातात होती का?

हे मी तुमचे सांत्वन करायला लिहीत नाही. तेजीच्या दिवसांत जे मिळाले ते सगळे ‘मी केले’ असे तुम्ही मानलेत, म्हणूनच मंदीच्या दिवसांत जे गेले तेही सगळे ‘मी घालवले’ असे तुम्हाला वाटते. पहिल्या वेळी तो अभिमान होता आणि आता त्यालाच तुम्ही अपयश म्हणता, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: या घराचा कर्ता मी आणि फक्त मी. माणसाने काम करावे, कर्तेपण मात्र डोक्यावर घेऊन फिरू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली, ती ह्यासाठीच. काम केल्याने अंग दुखते आणि रात्री झोप लागते. कर्तेपणाचे ओझे दोन-अडीचला उठवून पायरीवर आणून बसवते.

आता लाचारीबद्दल. अडचणीत देवाकडे जाणे लाचारीचे वाटते, असे तुम्ही म्हणता. आपल्या गोव्यात कुणी उपकार केले तर आपण काय म्हणतो? ‘देव बरें करूं.’ हिंदू म्हणतो, ख्रिस्ती शेजारीही म्हणतो. ज्याने मदत केली त्याच्या हाताला मान देऊन आभार मात्र त्या हातामागच्या देवाच्या नावाने मानायचे, ही आपली रोजची बोली आहे. तुम्हीही हे शब्द हजारदा उच्चारले असतील, टायर बदलायला मदत करणाऱ्या क्लीनरलासुद्धा. तेव्हा देवाचे नाव घेताना तुम्हाला लाचार वाटले नाही. आज वाटते, कारण आज मागणारे तुम्ही आहात.

आणि संकटातच पहिल्यांदा हाक मारली म्हणून ती हाक खोटी ठरते, असे मला वाटत नाही. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह तुम्हाला माहीत आहे. श्रावणात चोवीस तास अखंड चालणारे भजन, वेगवेगळ्या व्यवसायांच्या लोकांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, आणि रस्ताभर भरलेली फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार. या सप्ताहाची सुरुवात सांगतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या साथीत. गावात माणसे पटापट जात होती, तेव्हा तिथले लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून श्रीफळ आणले, ते स्थापून अखंड भजन मांडले. म्हणजे या साऱ्या सप्ताहाचे मूळच अडचणीत मारलेली हाक आहे. त्या लोकांना कुणी विचारले नाही की साथ येण्यापूर्वी तुम्ही किती वेळा जांबावलीला आला होता. विचारण्यासारखी गोष्ट पुढची आहे. साथ ओसरली, तरी भजन थांबले नाही. आज शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली, आणि दर वर्षी जुने श्रीफळ समुद्रात विसर्जित करून नवे बसवले जाते. हाक संकटात मारली याचा कमीपणा वाटून घेऊ नका. दिवस पालटल्यावर तुम्ही तिथेच राहता की निघून जाता, ते तेव्हा तुमचे तुम्हालाच कळेल.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. देवावर सोडायचे म्हणजे हातपाय गाळायचे का?

याचे उत्तर शोधायला गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. फोंड्याला तुम्ही अनेकदा जात असाल. म्हार्दोळ, मंगेशी, कवळे ही सगळी देवस्थाने मुळात तिथली नव्हेत. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत सासष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा तिथल्या लोकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून पलीकडे, आदिलशाहीच्या ताब्यातल्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेले. मंगेश 1560 साली प्रियोळला आला. लहानपणी आजीकडून ही हकीकत ऐकताना मी तिला एक प्रश्न विचारला होता आणि तिने तो हसण्यावारी नेला नव्हता: देव जर एवढा समर्थ, तर त्याला माणसांनी का उचलून न्यावे लागले? आजी म्हणाली होती, “त्या रात्री नदीत होडी घालायचे बळ त्यांना कुणी दिले, तेही विचार की.”

त्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. घर, शेत, माड, कुळागर, सगळे मागे राहिलेले. पुढे परके राज्य आणि अनोळखी गाव. ती माणसे हातपाय गाळून बसली असती तर देव तिथेच राहिला असता. पण ती केवळ स्वतःच्या बळावर विसंबून असती, तर आपला संसार तेवढा उचलून पळाली असती. पाषाण कशाला खांद्यावर घेतला असता? त्यांनी भार देवावर टाकला आणि देवाचा भार खांद्यावर घेतला. माझ्या मते देवावर विश्वास ठेवणे म्हणजे हेच. त्यात हात रिकामे राहत नाहीत. मनातली भीती मात्र हातात आलेल्या कामाला जागा देते.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण विश्वासाच्या नावाखाली मी एकदा भलतेच काही करू पाहिले होते.

माझ्या पतींच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची की औषधांवर भागवायचे, असा प्रश्न होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि त्यातला धोकाही लपवला नव्हता. मी घाबरले आणि कौल घ्यायला कुलदेवतेकडे गेले. तुम्हाला पद्धत ठाऊक आहेच. पुजाऱ्यांनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, गाऱ्हाणे घातले, आणि आम्ही वाट पाहू लागलो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. समईच्या उजेडात मला दोन्ही पाकळ्या स्पष्ट दिसत होत्या. उजव्या पाकळीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमला होता, तो फुगत चालला होता आणि आता तो खाली ओघळेल, त्याच्यासोबत पाकळीही सुटेल, असे मला दर क्षणी वाटत होते. थेंब ओघळला. पाकळी हलली नाही. पाऊण तास उलटला. गाभाऱ्यात तेलाचा आणि सुकत चाललेल्या चाफ्याचा वास होता आणि माझे पाय थरथरत होते. अखेरीस वृद्ध पुजारी शांतपणे म्हणाले, “बाई, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे. देवीपाशी बळ मागा.”

परतताना बसमध्ये मला रडू आले, आणि त्या रडण्यातच माझे मला उमगले की मी देवीवर विश्वास ठेवायला गेलेच नव्हते. मला खात्री हवी होती. पाकळी पडली असती तर निर्णयाचा भार तिच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते, आणि शस्त्रक्रिया बिघडली असती तर दोष देवीला दिला असता. ज्याला खात्री मिळाली त्याला विश्वासाची गरजच उरत नाही. पुढचे दिसत नसताना, जे योग्य वाटते ते करायचे आणि ‘आता तू आहेस’ म्हणून पाऊल टाकायचे, हे माझ्या वाट्याला त्या दिवशी आले. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते सहा वर्षे होते. ते गेले तेव्हाही मी कौल मागितला नाही.

कौल-प्रसादाची परंपरा मी कमी लेखत नाही. माझा तिच्यावर भाव आहे. पण थकलेले हप्ते, तारण ठेवलेले घर आणि मुलीचे शिक्षण यांचे निर्णय पाकळीवर सोपवू नका. तसेच कुणी तुम्हाला कर्जमुक्तीसाठी मोठे अनुष्ठान, होम किंवा शांती सुचवली आणि त्यासाठी हजारो रुपये मागितले, तर नम्रपणे नाही म्हणा. ज्या देवाला गाऱ्हाण्याचे चार शब्द पुरतात त्याच्यापर्यंत पोचायला आणखी एक कर्ज काढावे लागत नाही.

तर मग करायचे काय?

पहिली गोष्ट पत्नीची. आठातले पाच हप्ते तुम्ही तिच्यापासून लपवले आहेत. तिला त्रास नको म्हणून लपवले, असे तुम्ही म्हणाल, आणि त्यात प्रेम आहे हे मी मान्य करते. पण त्या लपवण्यातही तेच जुने कर्तेपण आहे की हे सारे मला एकट्यालाच पेलायचे आहे. देवावर भार टाकायला निघालेला माणूस जर ज्या माणसासोबत देवाब्राह्मणांच्या साक्षीने संसार मांडला तिच्यापाशीही मन उघडू शकत नसेल, तर देवापाशी तरी कसे उघडेल? देव पुष्कळदा आधार पाठवतो तो घरातल्याच माणसांच्या हातून. कदाचित ती रागावेल. लपवल्याचा राग अधिक येईल. तो ऐकून घ्या.

दुसरी गोष्ट बँकेची. आठ हप्ते थकले म्हणजे खाते थकीत कर्जात गेले असणार, आणि नोटिसा आल्या असतील. त्या उघडून वाचा. शाखेत जाऊन व्यवस्थापकांना भेटा, उत्पन्न किती आणि किती हप्ता झेपेल ते कागदावर लिहून न्या, आणि कर्जाची पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड यांतले काय शक्य आहे ते विचारा. जे ठरेल ते लेखी घ्या. हॉटेलचा भागीदार निघून गेला असला तरी भागीदारीचा करार, जामीन आणि देणी यांत त्याची जबाबदारी किती उरते, हे वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्यांना तिथे विनामूल्य साहाय्य मिळते. हे सारे जुवारीतली होडी वल्हवण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि ही मी हलकी मानत नाही. रोज दोन-अडीचला जाग येणे आणि स्वतःवरचा विश्वास उडणे ही मनाच्या आजाराचीही लक्षणे असू शकतात. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे जाण्यात लाज नाही. पायरीवर बसलेले असताना जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनाला शिवत असेल, तर त्याच रात्री घरच्या माणसाला उठवा आणि 14416 या क्रमांकावर फोन करा. ही टेलिमानसची विनाशुल्क सेवा असून ती दिवसरात्र चालू असते. देवावर विश्वास असलेल्या माणसाने डॉक्टरकडे जाऊ नये असे कुठल्याही देवाने सांगितलेले नाही.

आता प्रार्थनेबद्दल, कारण ज्याने कधी केली नाही त्याला ती कशी करावी हे खरोखरच ठाऊक नसते. तुम्हाला स्तोत्रे पाठ करायला मी सांगत नाही. कीर्तनातली गजेंद्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नक्राने पाय धरला, हत्ती आपल्या बळावर वर्षानुवर्षे झुंजला, कळपाचे काही चालेना, आणि सगळे बळ सरल्यावर त्याने हाक मारली. त्या गोष्टीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की त्या घटकेलाही त्याने सोंडेत एक कमळ उचलून धरले होते. सगळे गेले असताना जे जवळ उरले होते ते त्याने वर धरले. तुमच्यापाशी काय उरले आहे? रोज नेमाने गाऱ्हाणे घालणारी आई आहे, रागावली तरी सोबत राहील अशी पत्नी आहे, शिकणारी मुलगी आहे, कष्टाची सवय झालेले दोन हात आहेत. ते वर धरा. शब्द सुचले नाहीत तर आईचेच शब्द उसने घ्या. आणि आईवरचा राग आवरा. तुमच्या घरातल्या वाईट दिवसांत ती बाई एकटीच देवाशी बोलत राहिली आहे. तेही एक कामच होते, आणि ते तिने तुमच्या वाट्याचे केले.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देवावर विश्वास ठेवला म्हणजे घर वाचेलच, असे वचन मी देऊ शकत नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. कुशस्थळी, केळशी आणि वेर्णे येथील मूळ जागा त्या लोकांच्या हातून गेल्याच. नव्या ठिकाणी लगेच मोठी देवळे उभी राहिली असेही नाही. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले आहे, म्हणजे मध्ये दीड शतकाहून अधिक काळ गेला आणि ज्यांनी होडीतून देवी नेली त्यांच्यातल्या एकानेही ते पाहिले नाही. पण दिवा रोज लागत होता. घर जर विकावेच लागले, तर भाड्याच्या दोन खोल्यांतही तुमच्या आईची समई मावेल, मुलगी तिथेही अभ्यास करील, आणि तुम्ही 47 वर्षांचे आहात. वाचले तर उत्तमच. दोन्ही शक्यतांसाठी मन तयार ठेवून काम करणे तुम्हाला आज अशक्य वाटते, याचे कारण तुम्ही एकटे आहात असे तुम्ही धरून चालला आहात.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल त्या दिवशी तिन्हीसांजेला आई दिवा लावायला बसेल तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बसा. काही बोलू नका. ती गाऱ्हाणे घालीत असेल ते शेवटपर्यंत ऐका. त्यात तुमचे नाव येईल. मग उठून बँकेची फाइल आणा, पत्नीला बोलावा आणि आठही हप्त्यांचे कागद त्याच दिव्याच्या उजेडात तिच्यापुढे ठेवा. बँकेत काय ठरले ते मला अवश्य कळवा.